बॉल नाही, वाळू मारायची: ग्रीनजवळच्या बंकरबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षं गोल्फ खेळताय, हँडिकॅप २० च्या आसपास (म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण वीस जास्त लागतात), बॅगेत ५६ अंशांचा सँड वेज, म्हणजे वाळूतून बॉल काढायचा तिरप्या तोंडाचा क्लब. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, बॉल गेला की दोनपैकी एक ठरलेलं. एक तर वाळूचा ढीग उडतो आणि बॉल हातभर पुढे सरकून बंकरमध्येच बसतो, नाहीतर क्लब थेट बॉलवर लागतो आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. पहिल्यावर सोबतचे म्हणतात जोरात मार, दुसऱ्यावर म्हणतात हळू मार. नक्की करायचं काय?

गेली बावीस वर्षं मी शिकवतोय आणि बंकरची तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतो. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: या दोन चुका नाहीत, एकच आहे. जोर कमी-जास्त करून ती जाणार नाही, कारण ती जोराची नाहीच. तुमचा क्लब वाळूत चुकीच्या जागी शिरतोय. (मी सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने लिहितोय. डावखुऱ्यांनी उलट धरावं.)

होतं काय ते पाहा. बॉल खाली वाळूत, समोर बंकरची कड, त्यामुळे मनात एकच येतं, की बॉल वर उचलायचा आहे. शरीर लगेच त्या कामाला लागतं. वजन उजव्या पायावर जातं, डावा खांदा वर येतो, मनगटं बॉलखाली चमचा घातल्यासारखी वळतात. वजन मागे गेलं की स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदूही मागे सरकतो. क्लब बॉलच्या चार-पाच सेंटिमीटर मागे शिरायचा, तो दहा-पंधरा सेंटिमीटर मागेच शिरतो. इथून पुढे दोन शक्यता उरतात. क्लबची पुढची धार वाळूत रुतली तर क्लब तिथेच अडकतो आणि बॉल जागेवर राहतो. धार न रुतता सोल (क्लबचा तळ) वाळूवर आपटून उसळला तर क्लब वर येत येत बॉलच्या पोटात लागतो आणि बॉल ग्रीनपलीकडे. क्लब शिरला एकाच जागी, फक्त निकाल दोन. म्हणून ‘जोरात’ आणि ‘हळू’ हे दोन्ही सल्ले तुमच्या कामाचे नाहीत.

ही गोष्ट मी तोंडी सांगत बसत नाही, वाळूवर दाखवतो. मागच्या मोसमात एक बाई आल्या होत्या, गणिताच्या शिक्षिका. सरावाच्या बंकरमध्ये मी रेकच्या दांड्याने एक सरळ रेघ ओढली, त्यांच्या दोन पायांच्या मधोमध येईल अशी. बॉल ठेवलाच नाही. म्हटलं, ही रेघ उडवा, बाकी काही करू नका. त्यांनी दहा स्विंग घेतले, प्रत्येक वेळी रेघेवरून थोडं पुढे सरकत. मग आम्ही दोघं खाली बसून खुणा पाहिल्या. दहापैकी आठ वेळा रेघ जशीच्या तशी होती. खड्डा तिच्या वीतभर मागे सुरू होऊन रेघेच्या अलीकडेच संपलेला, पुढे टोकदार आणि खोल, कुदळीचा घाव असावा तसा. उरलेल्या दोन खुणा मात्र वेगळ्या होत्या. उथळ, रुंद, रेघेपासून सुरू होऊन पुढे गेलेल्या. बाई बराच वेळ त्या आठ खड्ड्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे बॉल असता तरी क्लब तिथपर्यंत पोचलाच नसता.” त्यानंतर मला फारसं समजावावं लागलं नाही. तासाभरात दहापैकी सात रेघा उडायला लागल्या. मग बॉल ठेवला, रेघेच्या चार-पाच सेंटिमीटर पुढे.

तुम्हीही सुरुवात इथूनच करा. रेघ मारा, बॉल न ठेवता ती उडवा. खूण हवी ती साधारण हाताच्या पंजाएवढी लांब, रेघेपाशी सुरू होणारी आणि पुढे जाणारी. खोली जेमतेम एक-दीड सेंटिमीटर. आवाजही ऐका. बरोबर बसला तर ‘थप्प’ असा मोकळा, भरीव आवाज येतो. रुतला तर दबका ‘खस्स’ येतो आणि मनगटाला झटका बसतो. माझ्या अनुभवात कान लवकर शिकतात, डोळ्यांच्याही आधी.

आता क्लब. सँड वेजच्या सोलकडे नीट पाहा. क्लब जमिनीवर सरळ टेकवला तर सोलची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली असते. हा जो कोन आहे तो बाउन्स. सँड वेजला तो साधारण १० ते १४ अंश असतो, लॉब वेजला (सँड वेजपेक्षाही तिरप्या तोंडाच्या क्लबला) बहुधा त्याहून कमी. त्याचं काम एकच: क्लबला वाळूत खोल न जाऊ देता सरकवत पुढे नेणं, होडीचा तळ पाण्यावर सरकतो तसं. १९३० च्या आधीच्या बहुतेक खेळाडूंकडे ही सोय नव्हती, निब्लिकची (त्या काळच्या तिरप्या तोंडाच्या लोखंडी क्लबची) पातळ धार वाळूत घुसायची. अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेन यांनी निब्लिकच्या मागच्या बाजूला धातूचा थर चढवून मागची कड खाली आणली आणि तोच क्लब घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. विमान वर उठताना शेपटाची पट्टी कशी हलते ते पाहून कल्पना सुचली, असं ते सांगत. तुमच्या हातातला वेज त्याच कल्पनेचा वारस आहे, आणि तुम्ही हात पुढे झुकवून ती सोय दर वेळी बंद करता. शाफ्ट (क्लबची दांडी) होलच्या दिशेने झुकला की मागची कड वर जाते, पुढची धार खाली येते आणि वेजची कुदळ होते. गवतावरून आयर्न (नेहमीचे लोखंडी क्लब) मारताना हात पुढे असणं चांगलं, ती सवय बंकरमध्ये नडते. बॉलपाशी उभे राहताना शाफ्ट सरळ ठेवा, ग्रिपचं टोक तुमच्या पट्ट्याच्या बकलाकडे.

क्लबफेस (क्लबचं तोंड) उघडा करणं बाउन्स वाढवण्यासाठीच असतं. इथे जवळजवळ सगळे एक चूक करतात: आधी ग्रिप धरतात आणि मग मनगटं फिरवून फेस उघडा करतात. स्विंगमध्ये मनगटं आपल्या जागी परत येतात आणि फेस बंद होतो. उलट करा. डाव्या हाताने क्लब सैल धरा, फेस थोडा उजवीकडे फिरवा, घड्याळात एकच्या आकड्याकडे बघेल इतका, आणि मग ग्रिप धरा. फेस उजवीकडे गेला म्हणून शरीर थोडं डावीकडे वळवा. ‘थोडं’ मी मुद्दाम म्हणतोय. शरीर खूप डावीकडे वळवून बॉल कापायचा, हा जुना सल्ला अजून फिरतो. मी तो द्यायचं सोडून दिलंय. त्याने क्लब बाहेरून आत येतो, वाळू तिरकी कापली जाते आणि शिकणाऱ्याला क्लब कुठे शिरणार याचा अंदाजच राहत नाही.

उभं राहणं: पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाकलेले, हात खाली. बॉल डाव्या टाचेच्या जरा आत. वजन सुरुवातीपासून डाव्या पायावर, शंभरातले साठ म्हणू, आणि स्विंग संपेपर्यंत तिथून हलू द्यायचं नाही. तुमच्या चुकीवर थेट औषध हेच आहे. पाय वाळूत रोवताना आत किती गेले त्याकडेही लक्ष ठेवा. पाय एक-दीड सेंटिमीटर रुतले तर बरंच आहे, स्विंगचा तळ आपोआप बॉलच्या खाली येतो. त्याहून जास्त रुतले तर तितकाच ग्रिप खाली धरा, नाहीतर क्लब फार खोल जाईल.

आता वेगाबद्दल, कारण जागा सुधारली की पुढची अडचण हीच येते. क्लब आणि बॉल यांच्यामध्ये वाळू असते आणि ती बराचसा जोर खाते. दहा यार्डांच्या बंकर शॉटला गवतावरून तीस यार्डांच्या पिचला (छोट्या, उंच जाणाऱ्या फटक्याला) लागतो तेवढा स्विंग लागतो, असा माझा ढोबळ हिशोब. हे मनाला पटत नाही. पिन (होलमधली झेंड्याची काठी) समोर दिसत असते, म्हणून हात खाली येताना आपोआप मंदावतात. थांबलेला क्लब वाळूत थांबतो. म्हणून मी शिकणाऱ्याला एकच सांगतो: शॉट झाल्यावर क्लब छातीच्या वर असला पाहिजे आणि पट्ट्याचं बकल होलकडे. तिथपर्यंत पोचायचं ठरवलं की मध्ये थांबता येत नाही. फेसही गुंडाळायचा नाही. शेवटी क्लबफेस तुमच्या तोंडाकडे बघत असला पाहिजे.

अंतर कसं बदलायचं? वाळू कमी-जास्त घेऊन बदलू नका, असं मी ठामपणे सांगेन. ते करणारे निष्णात खेळाडू आहेत, पण आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याच्या आवाक्यातलं ते नाही. शिरायची जागा तीच ठेवा, फॉलो-थ्रू (बॉल गेल्यानंतरचा स्विंग) लहान-मोठा करा. जवळच्या पिनसाठी हात छातीपर्यंत, लांबच्यासाठी खांद्याच्या वर. वीस-तीस यार्डांचा बंकर शॉट लागला तर क्लबच बदला. पिचिंग वेज किंवा नऊ नंबरचा आयर्न घ्या, फेस किंचित उघडा आणि तोच स्विंग मारा. बॉल खाली उडतो आणि जास्त घरंगळतो. सँड वेजने ओढूनताणून तितकं अंतर काढायला जाल तर पुन्हा जोराच्या मागे लागाल.

प्रसिद्ध गोल्फपटू सेव्ही बायेस्तेरोस लहानपणी स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर एकाच जुन्या तीन नंबरच्या आयर्नने वाळूतून बॉल मारत शिकले. इतक्या कमी लॉफ्टच्या (तोंडाचा तिरपेपणा कमी असलेल्या) क्लबने बॉल उचलायचा म्हणजे फेस उघडा, हात खाली आणि क्लब बॉलखालून सरकलाच पाहिजे, दुसरा मार्ग नसतो. तुम्हाला तीन नंबर घ्यायला सांगत नाही. पण सरावात दहा बॉल नऊ नंबरच्या आयर्नने मारून मग सँड वेज हातात घ्या. वेज किती सोपा क्लब आहे ते कळेल.

वाळूची जात ओळखणं मात्र तंत्रापेक्षा वेगळं आहे, आणि तिथे मी स्वतः एकदा मोठी किंमत मोजली आहे. स्पर्धेचा शेवटचा होल, सकाळी पाऊस पडून गेलेला, बॉल ग्रीनच्या बंकरमध्ये छान वर बसलेला. मी सवयीने १४ अंश बाउन्सचा वेज काढला, फेस भरपूर उघडला आणि नेहमीचा स्विंग घेतला. ओली वाळू दबून फरशीसारखी झालेली, सोल तिच्यावरून उसळला, धार बॉलच्या मध्यावर बसली आणि बॉल ग्रीनवरून पलीकडच्या झुडपांत. त्या एका शॉटमागे स्पर्धा गेली. पाय रोवताना वाळू कडक आहे हे तळव्यांना कळलं होतं, मी तिकडे लक्ष दिलं नाही. कडक किंवा ओल्या वाळूत बाउन्स कमी लागतो. लॉब वेज चालतो, फेस जवळजवळ सरळ ठेवा, स्विंग थोडा लहान. वाळू भुसभुशीत, खोल असेल तर उलट: बाउन्स जास्त, फेस उघडा, स्टान्स (पायांतलं अंतर) आणखी रुंद, स्विंग मोठा. तुमच्या वेजवर बाउन्सचा आकडा बहुधा कोरलेला असतो, तो बघून ठेवा. नेहमीच्या मैदानावरची वाळू कडक असेल आणि वेज १४ चा असेल, तर तुमच्या थिन शॉटांचा, म्हणजे धार थेट बॉलच्या मध्यावर लागण्याचा, काही दोष क्लबचाही आहे.

वाईट लायमध्ये (लाय म्हणजे बॉल कसा बसलाय ते) सगळ्यात जास्त घाबरवणारी म्हणजे रुतलेला बॉल, भोवती वाळूची कडी आणि मधोमध बॉलचा वरचा भाग. वर सांगितलेलं बरंचसं इथे उलटं करायचं, कारण इथे क्लब सरकायला नको, घुसायला हवा. फेस सरळ किंवा किंचित बंद, बॉल स्टान्सच्या मध्यावर, वजन डाव्या पायावर आणखी जास्त, क्लब उभा वर न्यायचा आणि बॉलमागच्या वाळूत खाली मारायचा. फॉलो-थ्रू होणारच नाही, प्रयत्नही करू नका. बॉल बाहेर येईल, पण त्याला फिरकी नसेल आणि तो लांब घरंगळेल. तेवढी जागा धरून चाला. पिन जवळ असेल तर ग्रीनच्या रुंद भागाकडे मारा.

उतारावरचा बॉल, म्हणजे डावा पाय खाली आणि उजवा वर, मला रुतलेल्या बॉलपेक्षाही अवघड वाटतो. खांदे उताराला समांतर करा, तोल जाईल असं वाटेपर्यंत. बॉल थोडा मागे घ्या, क्लब लवकर वर न्या आणि मारल्यावर क्लबला उताराच्या मागोमाग खाली जाऊ द्या. वर काढायला गेलात की थिन ठरलेला. बॉल खालून जाईल आणि पळेल, त्यावर इलाज नाही. चढावर उलट, खांदे चढाला समांतर, बॉल आपोआप उंच जातो आणि अलीकडे पडतो, म्हणून स्विंग मोठा. बॉल पायांच्या वर असेल तर ग्रिप खाली धरा आणि थोडं उजवीकडे लक्ष्य धरा. खाली असेल तर गुडघे वाकवून बसल्यासारखे राहा आणि शेवटपर्यंत उठू नका.

नियमांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण रेघ मारायला सांगितलंय म्हणून लिहिणं भाग आहे. ती रेघ फक्त सरावाच्या बंकरमध्ये. फेरी चालू असताना बॉलच्या लगेच मागे किंवा पुढे वाळूला क्लब टेकवता येत नाही, सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला स्पर्श चालत नाही आणि बॅकस्विंगमध्येही नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तेव्हा) दंड दोन फटके, मॅच प्लेमध्ये (होलागणिक जिंकणं-हरणं मोजतात तेव्हा) होल गेला. हाताने किंवा रेकने वाळू चाचपून बघणंही बंद. पाय रोवायला मात्र मुभा आहे, म्हणून वाळूची परीक्षा पायांनीच होते. २०१९ पासून बंकरमधली सुटी पानं, काड्या, दगड उचलता येतात, फक्त तसं करताना बॉल हलता कामा नये. क्लब न टेकवण्याचा नियम मोठमोठ्यांनाही महागात पडला आहे. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्स या मैदानावर शेवटच्या होलला डस्टिन जॉन्सन यांनी लोकांच्या पायांनी तुडवलेल्या वाळूत क्लब टेकवला. तो बंकर आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दोन फटक्यांचा दंड लागला आणि त्यांचं प्लेऑफमधलं (बरोबरीनंतरच्या निर्णायक लढतीतलं) स्थान गेलं.

अपेक्षा कुठे ठेवायची तेही सांगतो. पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांतले) खेळाडू ग्रीनजवळच्या बंकरमधून दोन फटक्यांत होल पूर्ण करतात ते साधारण निम्म्या वेळा. रोज तासन्तास वाळूत घालवणाऱ्यांची ही गत आहे. तुमचं पहिलं ध्येय पिन नाही. एका फटक्यात बाहेर आणि ग्रीनवर कुठेही, दहापैकी आठ वेळा. तेवढं झालं तरी बंकरमध्ये वाया जाणारे बरेच फटके वाचतील.

सरावाचा क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. पंधरा रेघा बॉलशिवाय, मग पंधरा बॉल, प्रत्येकाच्या चार-पाच सेंटिमीटर मागे रेघ. दर पाच बॉलनंतर थांबून खुणा पाहा, बॉल कुठे गेला ते नको. खुणा रेघेवर यायला लागल्या की रेघ पुसून टाका आणि नजर बॉलच्या मागच्या त्या जागेवर ठेवा, बॉलवर नाही. तिसऱ्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या अंतरांना फॉलो-थ्रू बदलून बघा. रुतलेले बॉल आणि उतार त्यानंतर. आधीच त्यात पडलात तर फेस उघडायचा की बंद करायचा हा गोंधळ होईल.

आणि एखादा बॉल बंकरच्या उभ्या भिंतीला चिकटून बसला असेल, पुढे जायची वाटच नसेल, तर मागे किंवा बाजूला मारून बाहेर पडा. तेही जमणार नसेल तर एका फटक्याचा दंड घेऊन बंकरमध्येच ड्रॉप घेता येतो, म्हणजे बॉल उचलून दुसरीकडे टाकता येतो: होल आणि बॉल यांच्या रेषेत मागे, किंवा बॉलच्या जागेपासून दोन क्लबांच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता. दोन फटक्यांचा दंड मोजला तर त्याच रेषेत मागे बंकरच्या बाहेर ड्रॉप मिळतो. दोन फटके फुकट गेल्यासारखे वाटतात. पण भिंतीखाली चार-चार फटके मारून त्याच वाळूत उभे राहिलेले खेळाडू मी इतके पाहिलेत, की हा पर्याय मी प्रत्येक शिकणाऱ्याकडून पाठ करून घेतो.